पाच मिनिटं आणि हातातली एक वस्तू

(दादरच्या एका वाचनालयात पाच-पाच मिनिटांच्या भाषणांची पहिली संध्याकाळ झाली, तिचं हे प्रास्ताविक. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, नमस्कार. माझ्या हातात दोन पुठ्ठे आहेत. मागच्या रांगेला दिसतायत ना? एकावर लिहिलंय ‘दर्या’, दुसऱ्यावर ‘दऱ्या’. पहिल्यात कोळी होड्या घालतात, दुसऱ्यात ट्रेकवाले उतरतात. आता दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर जोर येतो, जीभ क्षणभर थबकते. ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’ हलका राहतो आणि आपण सरळ पुढे जातो. तसंच आचार्यांना आणि आचाऱ्यांना. लग्नात दोघांनाही दक्षिणा द्यावी लागते, पण पाकिटं वेगळी! कानाला कळणारा हा फरक कागदावर दाखवायला मराठीने दोन खुणा ठेवल्या. एक डोक्यावर बसणारा रफार आणि दुसरा हा आडवा, पापणीच्या केसासारखा र. हिंदी याच लिपीत लिहितात, पण तिथे हा आडवा र लागत नाही. आपल्याला लागतो, रोज लागतो.

मी गिरगावात पंचवीस वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल. काही वर्षांपूर्वी ट्रेकिंग करणाऱ्या एका गटाची स्मरणिका माझ्याकडे आली. मजकूर जुन्या फॉन्टमधला होता. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत आणला, तर सगळे आडवे र जाऊन तिथे रफार बसले होते. वाऱ्यावर, किनाऱ्यावर, डोंगरदऱ्या, सगळीकडे तेच. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी फाइल छपाईला द्यायची होती. मी ‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ करा, असा एक हुकूम कॉम्प्युटरला दिला. दऱ्या जागेवर आल्या, वारा जागेवर आला. मी फाइल पाठवली आणि झोपले.

छापून आलेल्या प्रतीवर मुखपृष्ठावरच ठळक अक्षरांत होतं ‘गिऱ्यारोहण’. आत ‘सूऱ्योदय’, ‘काऱ्यकारिणी’, ‘धैऱ्य’. तीनशे प्रती होत्या. मी त्या माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. पैशांपेक्षा मला ते मुखपृष्ठ लागलं. ज्या माणसांनी वर्षभर राबून ती स्मरणिका काढली, त्यांच्या कामाचं नावच मी मोडून ठेवलं होतं.

त्यानंतर मी या एका अक्षराच्या मागे लागले. खिळ्यांच्या काळात, म्हणजे धातूची अक्षरं एकेक करून जुळवत तेव्हा, जुळाऱ्याच्या खणांच्या पेटीत या र ला स्वतःचं घर असे, हात सवयीने तिकडे जाई. याच मुंबईत जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याची अक्षरं आजही भिंगाखाली धरून बघावीत, एवढी नेटकी आहेत. मग कॉम्प्युटर आला आणि प्रत्येक अक्षराला क्रमांक मिळाला. युनिकोडमध्ये आपल्या साध्या र चा क्रमांक आहे 0930. त्याला हलन्त देऊन य जोडला की रफार मिळतो. त्याच्या शेजारी 0931 वर आहे टिंबवाला ऱ. तो ठेवलाय दक्षिणेतल्या भाषांमधला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. आणि आपला पापणीसारखा र म्हणजे या टिंबवाल्या र चं अर्धं रूप! भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, मग हलन्त, मग य. झाला ‘ऱ्य’. म्हणजे पडद्यावर आपल्याला जे एकाच र चे दोन आकार दिसतात, ती यंत्राच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत. कुठे कुठलं घालायचं, हे त्या यंत्राला माझ्या हुकमातून कळणार नव्हतं. ते ज्याने शब्द कानाने ऐकलाय, त्यालाच कळतं. सरसकट बदल मी आता करत नाही. शब्द एकेक करून बघते.

घड्याळ बघितलंत? आत्तापर्यंत पाच मिनिटंसुद्धा झालेली नाहीत. आजपासून दर महिन्याला आपण इथे जे करणार आहोत, ते एवढंच आहे.

हा प्रकार आपण शोधलेला नाही. 2000 साली अमेरिकेत पर्ल भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका संमेलनात पाच-पाच मिनिटांची भाषणं लागोपाठ ठेवली होती. त्यामुळे एका तासात दहा-बारा माणसं बोलू शकली. एरवी ज्यांना कुणी तासाचं भाषण दिलं नसतं, अशीही त्यात होती. 2003 मध्ये टोकियोत आस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुरचनाकारांनी ‘पेचाकुचा’ सुरू केलं. पेचाकुचा म्हणजे जपानीत गप्पांची किलबिल. वीस चित्रं, प्रत्येक वीस सेकंद. एकूण 6 मिनिटं 40 सेकंद. मग 2006 मध्ये सिअॅटलला ‘इग्नाइट’ आलं. तिथेही वीसच चित्रं, पण पंधरा सेकंदांची. दोन्हीकडे चित्र आपोआप पुढे सरकतं, बोलणाऱ्याच्या हातात बटण नसतं. मला यातली गंमत घरी घड्याळ लावून बोलल्यावर कळली. माझ्या वेगाने पंधरा सेकंदांत तीसेक शब्द होतात. तीस शब्दांत ‘सर्वप्रथम मी आयोजकांचे मनःपूर्वक आभार मानते’ हे बसवलं, तर सांगायचं काय नि कधी? आपण इथे चित्रांची सक्ती ठेवलेली नाही. पाच मिनिटांची मात्र ठेवली आहे, आणि ती कडक आहे.

मराठीत हे जमेल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. मला त्या प्रश्नाचं वाईट वाटलं. 1848 मध्ये याच शहरात एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या पुढाकाराने उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली. मराठी सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग, म्हणजे 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा. तिथे माणसं मराठीत निबंध लिहून आणत, सगळ्यांसमोर वाचत. 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघालं. तेव्हा वाफेच्या इंजिनाला आणि तारायंत्राला मराठीत रुळलेले शब्दही नव्हते. सभा उभी राहिली तेव्हा मुंबई–ठाणे गाडी सुटायलाच अजून पाच वर्षं होती. तरी ती माणसं बोलली. आपल्याकडे तर मराठी विज्ञान परिषद 1966 पासून आहे. टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेची मंडळी 2009 पासून ‘चाय अँड व्हाय’मध्ये रविवारी सकाळी चहा पीत लोकांशी विज्ञान बोलतात. जमीन नांगरलेली आहे. चार्जर, पासवर्ड, सर्किट हे शब्द खुशाल वापरा. क्रियापदं मराठी राहिली की वाक्य मराठीच राहतं.

आता तालमीत जे बघितलं, ते सांगते. आमच्या चाळीतल्या एक काकू आल्या होत्या. म्हणाल्या, मला काय येतंय, मी स्वयंपाक करते. मी म्हटलं, स्वयंपाकातली एक वस्तू घेऊन या. त्या कुकरचं झाकण आणि शिट्टी घेऊन आल्या. शिट्टी आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, जड लागते ना? मग झाकण उजेडाकडे धरलं आणि शिट्टी बसते त्या नळीतलं भोक दाखवलं. स्वेटर विणायची सुईसुद्धा जाणार नाही एवढं. तिथेच सगळं उलगडलं. आतली वाफ तेवढ्या भोकातून शिट्टीला वर ढकलते. वजन एवढंसं, पण भोक त्याहून एवढंसं, म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट झाल्याशिवाय ती उचलली जात नाही. त्या दाबाला पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात, इथे मुंबईत, 100 ला. त्यांच्या माहेरी महाबळेश्वरला तर 95-96 लाच, म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजता शिजत नाही. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, त्यामागचं कारण आता कळलं होतं. आणि शेवटी त्यांनी विचारलं, एका कंपनीच्या कुकरला दुसऱ्या कंपनीची शिट्टी का लावायची नाही? वजन आणि भोक यांचं गणित जुळलेलं असतं, दुसरं वजन बसवलं की दाब बदलतो. खोलीत दोन इंजिनिअर होते. दोघांनी वह्या काढल्या.

काकूंनी कुकरचा शोध कुणी लावला हे सांगितलं नाही. गरजही नव्हती. मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, तेव्हाही समोर जळती मेणबत्ती होती. वातीपाशी मेणाची वाटी कशी तयार होते, ज्योतीच्या आत काय असतं, हे तो तिथल्या तिथे दाखवायचा. त्याच्याकडे सहा व्याख्यानं होती, आपल्याकडे पाच मिनिटं आहेत. म्हणून सांगते, अख्खी मेणबत्ती घेऊ नका. वात घ्या.

आणि कृपा करून ‘माझा प्रवास’ नको. मी कसा घडलो, किती अडचणी आल्या, ही भाषणं बाहेर भरपूर होतात. इथे तुमच्या हाताला जे ठाऊक आहे ते द्या. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने एक स्क्रू दाखवावा. लोकलने रोज डोंबिवलीहून येणाऱ्याने सांगावं की डोळे मिटून कुठलं स्टेशन आलं हे त्याला रुळांच्या आवाजावरून कसं कळतं. क्रोशाचं विणकाम करणारीने एक टाका घालून दाखवावा आणि तो तिने वहीत कुठल्या खुणेने लिहून ठेवलाय, तेही दाखवावं. ती खूण म्हणजे प्रोग्रॅमच आहे. प्रश्न विचारताना मात्र खरोखर प्रश्न विचारा. ‘मला यात थोडी भर घालायची आहे’ असं वाटलं, तर पुढच्या महिन्याची पाच मिनिटं तुमची, नाव लिहून ठेवते.

माझी वेळ संपत आली. पहिली वक्ती नववीत शिकते. तिने आजोबांचा मिडियम वेव्हचा रेडिओ आणलाय. मोबाइलच्या चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्याचा खरखराट या रेडिओत ऐकू येतो, तो ती आपल्याला ऐकवणार आहे. त्यासाठी आधी खोली शांत हवी. मागच्या बोर्डाला पाच-सहा फोन लावलेले दिसतायत, ते सगळे काढून घ्या. ट्यूबलाइट मी बंद करते. एक चार्जर तेवढा तिच्या टेबलावर आणून द्या, कुणाचाही चालेल.