खानदेशात ब्रोकोली : ठिबक किती मिनिटं चालवायचं?

राम राम मंडळी!

(मुठीत काळ्या मातीचा गोळा)

ही माती बघा. आत्ता सकाळी ब्रोकोलीच्या बेडमधून, वीतभर खोलीवरून काढली. मूठ दाबली की गोळा होतो. अंगठ्याने ढकलला की फुटतो. आणि तळहात बघा, ओला झालेला नाही. हाच वाफसा, म्हणजे मातीत पुरती ओल आणि हवाही. आज मी या गोळ्याबद्दलच बोलणार आहे, कारण आपल्या काळ्या रानात ब्रोकोली बिघडताना मी पाहिली ती बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच.

रावेर-यावल पट्ट्यातली आपण केळीवाली माणसं. वाढलेल्या केळीला दिवसाला १५-२० लिटर पाणी सहज लागतं, त्यामुळे ठिबक दोन-तीन तास सोडायची सवय हाताला बसलेली. ब्रोकोलीची बहुतेक मुळं मात्र वरच्या फूटभर मातीतच असतात. त्याखाली गेलेलं पाणी तिच्या काही कामाचं नाही.

पहिल्या वर्षी माझ्या शेतात लाईट रात्रीची होती. मोटर ऑटोवर टाकून मी झोपायचो. लाईट आली की मोटर सुरू, आणि उजाडेपर्यंत एकाच व्हॉल्व्हवर पाणी. महिन्याभरात खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं नत्र कमी पडलं, म्हणून युरिया सोडला. तरी पिवळेपणा जाईना. मग एक रोप उपटून बघितलं. मुळं तांबूस, पांढरी मुळी अगदी नावाला. सतत ओल राहिली की काळ्या मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि शेजारी खत पडलेलं असूनही उचलता येत नाही. पाणी तोडल्यावर जी रोपं सावरली, त्यांना तो सगळा युरिया एकदम मिळाला. ती झपाट्याने वाढली, आणि गड्डा, म्हणजे ब्रोकोलीचं फूल, कापला तर दांडा आतून पोकळ! फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

म्हणून आता हिशेब करून पाणी देतो. वही घ्या. १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. माझे बेड १.२ मीटर अंतरावर, एका बेडवर दोन ओळी, रोपांत ४० सेंटिमीटर. म्हणजे एका रोपाच्या वाट्याला जवळपास पाव चौरस मीटर जागा, आणि एकरी साडेसोळा हजारांच्या आसपास रोपं. थंडीत, झाड भरल्यावर, मी दिवसाला साडेतीन मिलिमीटर धरतो. एका रोपाला पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त झालं. माझ्या नळीला ४० सेंटिमीटरवर ड्रिपर आहे, म्हणजे दोन रोपांमागे एक. ड्रिपर ताशी ४ लिटरचा असेल तर २५ मिनिटं, २ लिटरचा असेल तर ५० मिनिटं. बस्स. तुमचं अंतर वेगळं असेल तर आकडा बदलेल, पण तीन तास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

रात्रीच्या लाईटवर उपाय म्हणजे टायमर, नाहीतर पाणी शेततळ्यात घेऊन सकाळी तिथून सोडणं. आणि आकडा कितीही बरोबर असला तरी आधी गोळा बघायचा. तळहात ओला झाला तर त्या दिवशी ठिबक बंद.

लागवडीनंतरचे आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं पाणी द्या. पुढे सगळ्यात नाजूक काळ गड्डा धरण्याचा, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. तेव्हा ताण बसला तर गड्डा लहानच राहतो. तुषार, म्हणजे फवाऱ्याने पाणी, मात्र नको, गड्ड्यात पाणी साचून सड लागते. पोकळ दांड्याला बोरॉनची कमतरताही कारण असते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत बोरॉन असूनही पिकाला कमी मिळतं. माती परीक्षणात कमी आलं तरच एकरी ४ किलोच्या आसपास बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचं खत, द्या. जास्त झालं तर तेच पिकाला विष होतं.

हंगामाचं सोपं आहे. मूग-उडीद निघालेलं रान घ्या. घटस्थापनेला बी ट्रेमध्ये, दिवाळीला लागवड, संक्रांतीच्या आसपास काढणी. उशीर केला की गड्डे फेब्रुवारीअखेरच्या उन्हात सापडतात आणि ब्रोकोली फुलायला लागते. किडींत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर लक्ष ठेवा. दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावल्या की पतंग अंडी घालायला तिकडे वळतो.

(कॅमेरा गड्ड्याजवळ)

आता हा गड्डा बघा. हे दाणे म्हणजे मिटलेल्या कळ्या, मोहरीएवढ्या. आणि इथे, कडेला, एक कळी फुगून पिवळी दिसायला लागली आहे. हा उद्या नाही, आजच कापायचा. भल्या सकाळी, वीतभर दांडा ठेवून, आणि लगेच सावलीत ओल्या गोणपाटाखाली. उन्हात राहिला तर दोन दिवसांत पिवळा पडतो. म्हणून गिऱ्हाईक लागवडीच्या आधीच ठरवा, काढणीनंतर शोधत बसायला या मालाला वेळ नसतो.

मुख्य गड्डा कापला की पुष्कळ जण ठिबक बंद करून झाड उपटतात. कृपा करून थांबा. ही बगल बघा, इथून कोंब निघालाय. पंधरा-वीस दिवसांत त्याला लिंबाएवढा गड्डा येईल, कधी थोडा मोठाही. त्या गड्ड्यांना बाजारात भाव कमी, पण घरी लसूण-मिरचीत परतून बाजरीच्या भाकरीबरोबर फार चांगले लागतात. तोवर त्या झाडालाही तीच २५ मिनिटं (२ लिटरचा ड्रिपर असेल तर ५०) द्या.