थोरली, मधली, धाकटी आणि दादामुनी

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या वयाची चार माणसे जमली आणि जुन्या मालिकांचा विषय निघाला, की ‘हम लोग’चे कथानक सलग असे कोणालाच सांगता येत नाही, पात्रे मात्र आपल्याच नात्यातली असावीत, तशी सर्वांना आठवतात. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. बडकी, मझली, छुटकी ही मुळात नावेच नव्हेत. आपल्याकडे थोरली, मधली, धाकटी म्हणतात, तसा तो घरातला क्रम. हिंदी जेमतेम समजणाऱ्या मराठी घरांतही हे कुटुंब परके वाटले नाही, त्याचे निम्मे श्रेय मी या हाकांना देतो.

मालिकेमागची कल्पना मेक्सिकोतली होती. तिथल्या मालिका मनोरंजनातून कुटुंबनियोजनाचा प्रचार करीत, आणि तसे काही आपल्याकडेही व्हावे असा आग्रह विदर्भातले नेते वसंत साठे यांनी धरला. आरंभीच्या भागांत उपदेश इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. मग लेखक मनोहर श्याम जोशी यांनी प्रचार आवरता घेतला आणि दारुडा बसेसर राम, बेकार लल्लू, क्रिकेटचे वेड घेतलेला नन्हे आणि सिनेमाच्या मोहात पडलेली मझली यांना मोकळे सोडले. पी. कुमार वासुदेव यांच्या दिग्दर्शनात झगमगाट नव्हता. दीडशेहून अधिक भाग त्या घराच्या साध्या भिंतींत रमले.

नटसंच बहुतांशी रंगभूमीवर घडलेला होता. सीमा भार्गव (आताच्या सीमा पाहवा) यांची बडकी, विनोद नागपाल यांचा बसेसर राम, जयश्री अरोरा यांची सोशिक भागवंती ही नावे चाहते आजही घडाघडा म्हणतात. मझली झालेल्या दिव्या सेठ या दादीची भूमिका करणाऱ्या सुषमा सेठ यांच्याच कन्या. म्हणजे घरातली आई पडद्यावर आजी झाली होती. या दादीला कथेत कर्करोगाने मरण यायचे होते, परंतु ती लोकांना इतकी आवडली की तिचे मरण लांबवावे लागले. लेखकाची लेखणी प्रेक्षकांनी धरून ठेवल्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रत्येक भागाच्या अखेरीस चित्रपट अभिनेते अशोककुमार, म्हणजे सर्वांचे दादामुनी, येत. घडलेल्या गोष्टीवर चार शब्द बोलून, ‘छन पकैया’ म्हणत ते निरोप घेत, आणि त्या दोन-चार मिनिटांच्या गप्पांपोटी त्यांच्या नावाने सुमारे चार लाख पत्रे आली. आमच्या घरी टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि आई स्वयंपाकघरात, त्यामुळे तिने ही मालिका पाहिली थोडी आणि रेडिओसारखी ऐकली फार. दादामुनींचा आवाज कानी पडला की मात्र ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहत असे आणि दर वेळी सांगे, “हा आमच्या ‘किस्मत’मधला!”

‘किस्मत’ हा चित्रपट १९४३ सालचा. त्याचे संगीतकार होते अनिल विश्वास, जे पुढे मुंबईची चित्रसृष्टी सोडून दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे काम पाहण्यास गेले. ‘हम लोग’चे संगीतही त्यांचेच. एकेचाळीस वर्षांनी तो नायक आणि तो संगीतकार पुन्हा एकत्र आले होते, आणि त्या संगीताच्या साथीने आमची आई कित्येक संध्याकाळी पोळ्या लाटत होती. श्रेयनामावली वाचायला ती कधी दारापर्यंत आली नाही. मीही ती नीट वाचली, ती आई गेल्यानंतर.