धुतल्यापासून हालतीय

नमस्कार सोलापूरकर. आज टायरबद्दल बोलायचंय. चारचाकीचे टायर बदलायचे झाले की आपण काय करतो? आसरा चौकात नाहीतर जुन्या पुणे नाक्याला दुकानात जातो, "भाऊ, चांगला टायर दाखवा" म्हणतो आणि तो जो दाखवेल तो घेतो. साडी घेताना सतरा दुकानं फिरणारी आपली माणसं टायर दहा मिनिटात घेतात, आणि आख्खी गाडी तर त्या चार तळहाताएवढ्या जागेवरच उभी असते की ओ.

आधी साईज. टायरच्या अंगावर लिहिलेलं असतंय बघा, समजा 185, मग 65, मग आर 15. म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, त्या रुंदीच्या 65 टक्के टायरच्या कडेची उंची, आर म्हणजे रेडियल, ती टायर बांधायची पद्धत, आणि रिम 15 इंची. पुढं 88 एच असं काहीतरी असतंय, 88 म्हणजे एक टायर 560 किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी 210 पर्यंत चालतो. आता 210 नी कोण जाणार हो आपल्याकडं, इथं दर दोनशे फुटाला कुणीतरी आपापल्या दारापुढं स्वतःचा स्पीड ब्रेकर घातलेला असतोय, आणि त्याला पांढरा पट्टा मारायची पद्धत नाही, तो विषय पुन्हा कधीतरी. सांगायचं एवढंच, कंपनीनं दिलीय तीच साईज घ्या, आणि तो 88 आहे तो आकडा कमी असलेला टायर घेऊ नका.

आणि साईजपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तारीख. टायरवर चार आकडे असतात, लांबट गोल चौकटीत. समजा 3224 लिहिलंय, तर 2024 सालातल्या 32 व्या आठवड्यात तो टायर बनला. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि फिटिंग झाल्यावर ती बाजू आत गेली तर गाडीखाली आडवं पडून बघायला लागतंय, म्हणून बसवायच्या आधी बघा. परत सांगतो, बसवायच्या आधी बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात 42-43 डिग्री असतंय, त्यात गाडी दिवसभर बाहेर उभी, रबर कडक होत जातंय. कडक भाकरी आपण महिनाभर डब्यात ठेवून शेंगाचटणीबरोबर खाऊ शकतो, पण कडक झालेला टायर पावसात ब्रेक दाबल्यावर काय करतो ते तेव्हाच कळतंय. नक्षी दिसायला नवीन असली तरी. नक्षीचं म्हणाल तर खाचांमध्ये बारक्या आडव्या पट्ट्या असतात, 1.6 मिलिमीटरच्या, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, घासाघीस करायची नाही. आणि हो, स्टेपनीची तारीख पण बघा, ती बिचारी डिकीत पडून पडून म्हातारी होतीय.

आता बॅलन्सिंग, म्हणजे चाक एका बाजूला जड असेल तर समोरच्या बाजूला बारकी वजनं लावून तोल जुळवायचा, आणि त्याच्यासाठी मला माझंच एक सांगायचंय.

जानेवारीत आमच्या मेव्हण्यानं हुरड्याला बोलावलं, मंगळवेढ्याकडं. मालदांडीचा हुरडा, शेंगाचटणी, गूळ, लई मजा आली. (आता सगळीकडं तिकीट लावून हुरडा पार्ट्या चालतात, डीजे लावून, हुरड्याला डीजे कशाला लागतोय मला आजवर कळलं नाही.) तर मेव्हणा म्हणाला, "दाजी, गाडी आत घ्या की, सावलीला." घेतली आत. रात्री ज्वारीला पाणी दिलेलं, गाडीची चाकं निम्मी काळ्या मातीत. चार माणसांनी ढकलून बाहेर काढली.

येताना कामतीच्या पुढं ऐंशीच्या वर गेलो की स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की हातातलं घड्याळ वाजत होतं. साठला आलो की शांत. परत ऐंशी, परत थरथर. घरी आल्यावर मामांना सांगितलं, मामा म्हणजे आमच्या घरातले सगळ्या विषयातले तज्ज्ञ. मामा म्हणाले, टायर गेले तुझे. टायरला पाच वर्षं झालीच होती, म्हटलं घेऊन टाकू.

संध्याकाळी दुकानात गेलो, नाव सांगत नाही. गर्दी लई होती. पोरानं चाकं काढली, नवे टायर चढवले, मशीनवर फिरवलं, मशीन म्हणतंय 65 ग्रॅम. त्यानं रिमला वजनं चिकटवली, एकामागं एक, शिशाची माळच. मी शेजारी उभा राहून बघतोय आणि मनात म्हणतोय, बघा, किती बारकाईनं काम करतोय! गाडी हायवेला घेतली तर लोण्यासारखी. नऊ दिवस लोण्यासारखी.

दहाव्या दिवशी मंगळवार, तुळजापूरला निघायचं होतं. देवीला जायचं म्हणून आदल्या दिवशी गाडी धुवून आणली, खालनं वरनं प्रेशरनं. आणि सकाळी तुळजापूर रोडला लागलो तर थरथर परत सुरू, पहिल्यापेक्षा जास्त! बायको म्हणाली, "अहो, धुतल्यापासून हालतीय." मी हसलो. म्हटलं, धुतल्यानं कुठं गाडी हालतीय का, काहीही बोलते. पोरगं पण हसलं मागं.

तामलवाडीच्या अलीकडं एक पंक्चरवाले चाचा दिसले, थांबवली. चाचांनी जॅक लावला, चाक काढलं, उलटं करून आतली बाजू बघितली आणि मला म्हणाले, "साहेब, शेतात गेलता का?" रिमच्या आत, मागच्या अंगाला, काळ्या मातीचा थर वाळून दगड झालेला. निम्मा धुवून गेलेला, निम्मा तसाच. आणि त्याच्या बरोबर समोर आमची शिशाची माळ.

मग कळलं काय झालं ते. टायर नव्हतेच हालत, माती हालत होती. त्या पोरानं रिम न पुसता मशीनवर लावलं, मशीनला काय, माती काय आणि लोखंड काय, वजन ते वजन. त्यानं मातीच्या समोर शिसं लावून हिशोब जुळवला. मी माती धुतली, शिसं राहिलं, हिशोब मोडला. चाचांना सगळं सांगितलं तर ते बायकोकडं बघून म्हणाले, "भाभी बरोबर बोलल्या की." त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत मला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही.

चाचांनी पत्रा घेऊन सगळी माती खरवडली, वजनं उचकटली, वीस रुपये घेतले आणि म्हणाले, साठच्या वर जाऊ नका, सोलापुरात परत बॅलन्सिंग करा. केलं. त्याच चाकाला किती लागलं सांगा? 10 ग्रॅम.

55-60 ग्रॅम माती म्हणजे काय ओ, मूठभर शेंगदाणे. पण 100 च्या स्पीडला चाक सेकंदाला चौदा-एक वेळा फिरतंय, आणि तेवढीशी माती दर फेरीला आठ-नऊ किलोचा हिसका देते. 50 ला तोच हिसका चौथाईवर येतो, म्हणून गावात कळत नाही, हायवेला कळतं. स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक पुढची चाकं, बुडाखाली सीट थरथरली तर मागची.

तर दुकानात गेल्यावर तीन गोष्टी: रिम आतनं पुसायला सांगा, जुनी वजनं काढायला सांगा, आणि वजनं लावल्यावर चाक परत फिरवायला सांगा, दोन्ही बाजूला शून्य दिसलं पाहिजे. रिम आतनं पुसा, जुनी वजनं काढा, परत फिरवून शून्य बघा. पोरगं तोंड वाकडं करेल, करू दे.

गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेनं झिजत असेल तर ते अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ करणं, ते वेगळं, त्याचे पैसे वेगळे. टायर नवा तर ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची नळी, पण नवा घ्या, स्वस्त असतोय. नायट्रोजन भरायचा का विचारतात, तर साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतोय, तुमचं तुम्ही ठरवा. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागं लावा, दुकानदार पुढं लावू म्हणेल, पण ओल्या रस्त्यावर मागचं घसरलं की गाडी गरकन फिरते, ती सावरत नाही.

माझी वेळ झाली म्हणून पलीकडनं खुणा करायला लागलेत. आमच्या घरी परवा मिक्सर बंद पडला तर बायकोनं मिक्सरकडं न बघता माझ्याकडं बघितलं, "धुतलात का?" म्हणून. चला, गाणं लावतो.