आजोबांच्या गोळ्यांची पिशवी

नमस्कार श्रोतेहो. घरातील वडीलधाऱ्यांचे विसरणे, तोल जाणे किंवा दिवसभर पेंगणे आपण वयावर ढकलतो. त्याआधी त्यांच्या सर्व गोळ्या एकत्र तपासून घ्याव्यात, एवढीच माझी आजची विनंती आहे.

सदाशिव पेठेतील एका निवृत्त गणित शिक्षकांना त्यांची लेक स्मृतिभ्रंशाच्या शंकेने माझ्याकडे घेऊन आली. एकेकाळी रोज पर्वती चढणारे सर घरातच वाट चुकत होते आणि आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतलेली पावकी त्यांना आठवत नव्हती. लेकीने गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आम्ही प्रत्येक गोळी केव्हा सुरू झाली ते जुळवत गेलो. रक्तदाबासाठीच्या अम्लोडिपिनने पाय सुजले. त्या सुजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते म्हणून तिसरीकडे ऑक्सिब्युटिनिन सुरू झाले, आणि हे औषध उतारवयात बुद्धीला गोंधळात टाकू शकते. प्रत्येकाने समोरच्या तक्रारीवर उपाय केला होता, परंतु तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कोणीच पाहिल्या नव्हत्या. आम्ही रक्तदाबाचे औषध बदलले आणि उरलेल्या दोन्ही गोळ्या क्रमाने काढल्या. पुढे एका भेटीत सरांनी आमच्या मदतनीस मुलाला पावकी विचारली, आणि त्याला येईना म्हणून स्वतः शेवटपर्यंत म्हणून दाखवली.

दुकानात पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की नाव आणि मुदत अनेकदा दुसऱ्याच तुकड्यावर राहते, मग पिशवीतली गोळी कोणती हे तपासणाऱ्याला कळत नाही. ही पद्धत बंद झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वयाबरोबर शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, त्यामुळे डायझेपामसारखे गुंगी आणणारे औषध कित्येक दिवस अंगात रेंगाळते. ज्येष्ठांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्येही ती सुधारण्यात आली. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी घेतले जाणारे अल्प्राझोलाम, साखर धोकादायकरीत्या उतरवू शकणारे ग्लिबेनक्लामाइड ही त्यातील आपल्या ओळखीची नावे.

म्हणून पुन्हा सांगतो, डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधे एकत्र न्या. डोळ्यांचे थेंब आणि आयुर्वेदिक चूर्णेही न्या. मात्र यादीत नाव ऐकले म्हणून आज रात्रीची गोळी स्वतःहून बंद करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेले अल्प्राझोलाम एकदम थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. त्याची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.