झोपाळ्याखाली

(दृश्य : दांडिया बाजारातला जुना वाडा. कुलपात किल्ली फिरते. दार करकरत उघडतं.)

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. बडोद्यात पावसानं जरा उघडीप दिलीय, पण भिंतींची ओल गेलेली नाही. या घरातली मंडळी अठरा दिवस पुण्याला होती, लेकीच्या बाळंतपणाला. घरची मांजर, मनी, शेजारच्या बेनकडे सोपवली होती. म्हणजे अठरा दिवस या खोल्यांमध्ये ना माणूस, ना जनावर.

मावशी चपला काढून दिवाणखान्यात शिरल्या. चार पावलं टाकली असतील नसतील, घोट्यांना चटाचट चावे बसायला लागले. वाकून बघतात तर साडीच्या पांढऱ्या काठावर काळे ठिपके, आणि ठिपके उड्या मारतायत.

बेननी उंबऱ्यातूनच निदान केलं, "चांचड!" गुजरातीत पिसूला चांचड म्हणतात आणि ढेकणाला मांकड. बडोद्यात नवीन आलेल्या मराठी माणसाला कुणी "गादीत मांकड झालेत" म्हणालं, की बिचारा आधी छपराकडे बघतो.

पण रिकाम्या घरात एवढ्या पिसवा आल्या कुठून?

(दृश्य : झोपाळा. पितळी कड्या. गादीवर मांजराच्या अंगाएवढा खळगा.)

आल्या नाहीत, होत्याच. मनीची दुपारची झोप या झोपाळ्यावर. पोटभर रक्त प्यायलेली मादी एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला चाळीस-पन्नाससुद्धा. अंडी मिठाच्या कणासारखी, पांढरी, गुळगुळीत. उवांच्या लिखांसारखी ती केसाला चिकटत नाहीत. मांजर उठलं, अंग झटकलं, की गळून पडतात. मावशींनी येता-जाता झोपाळ्याला झोका द्यायचा आणि अंडी चाळणीतून पडावीत तशी खालच्या फरशांवर पसरायची. दोन फरशांमधली सांध पाहा. भिंगाशिवाय यात फक्त धूळ दिसते.

अंड्यांबरोबर काळे रवेही पडतात. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच वाळलेलं रक्त. अंड्यातून निघालेली अळी चावत नाही. ती उजेड टाळून सांधीत, गादीखाली, जिन्याच्या फळ्यांमध्ये शिरते आणि या रव्यांवर वाढते. आईनं लेकरांचा डबाच वरून पाठवलेला असतो म्हणा ना.

अळीला दमट हवा लागते. कोरड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून बडोद्याच्या रणरणत्या मे महिन्यात तिची पंचाईत होते आणि पावसाळ्यात चंगळ.

मग ती रेशमी कोष विणते. कोष चिकट असतो, धूळ-केस त्याला लागतात आणि तो कचऱ्याचाच एक कण होऊन जातो. आत तयार झालेली पिसू बाहेर यायची घाई करत नाही. आठवडे, कधी काही महिनेसुद्धा थांबते. वाट कशाची बघते? पावलांच्या हादऱ्याची, अंगाच्या उबेची, श्वासातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची. अठरा दिवस यातलं काहीच नव्हतं. मावशींनी दार उघडलं आणि एकदम सगळ्यांना बोलावणं गेलं.

(दृश्य : ओला पांढरा कापूस. त्यावर काळे रवे.)

घरी करून बघायची परीक्षा ही. मनीच्या शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवायची आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर टाकायचे. माती असेल तर माती राहील. इथे बघा, कणांभोवती तांबूस वर्तुळ पसरतंय. रक्त विरघळतंय.

जिवंत पिसू दिसलीच पाहिजे असं नाही. मांजर अंग चाटून चाटून बऱ्याचशा गिळून टाकतं. त्यात आणखी एक भानगड आहे. फीतकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, अंडी पिसूच्या अळीनं खाल्लेली असतात आणि अशी पिसू गिळली की कृमी मांजराच्या पोटात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून द्यायला हवं. आणि इवल्या पिल्लांच्या बाबतीत तर हे प्रकरण खाजेवर थांबत नाही. पिसवा जास्त झाल्या तर अंगातलं रक्त कमी होऊन पिल्लू दगावू शकतं.

गोचीड वेगळी. ती कातडीत तोंड रुतवून बसते, उडी मारत नाही. पिसू चपटी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, त्यामुळे केसांतून सळसळत जाते. बोटात धरून चिरडू पाहाल तर निसटेल. फणीवरून सरळ साबणाच्या पाण्यात बुडवावी.

(दृश्य : मनीची मान, केस बाजूला सारलेले. औषधाचा थेंब.)

औषध मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही तिथे, थेट कातडीवर. आणि इथे आवाज चढवून सांगायचंय : कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला झटके येतात, जीवही जातो. "थोडंसंच लावलं" हे वाक्य डॉक्टरांच्या दारात फार उशिरा ऐकू येतं. लसणाचा रस, रॉकेलचा बोळा, कापूर, फिनेल हे आपले घरगुती शूरवीरही जनावराच्या अंगावर नकोत. कडुनिंबाचा पाला गादीखाली ठेवला म्हणून सांधीतला कोष काही फुटत नाही.

घरात चार जनावरं असतील तर चौघांनाही एकाच वेळी औषध, प्रत्येकाचं वेगळं, वजन आणि वय बघून. मनी बेनकडे राहून आलेली, तेव्हा बेनच्या घरीही झाडझूड करावी लागली. बेन हसल्या, पण मनापासून नाही.

मांजर म्हणजे या पसाऱ्याचं फक्त टोक. ढोबळ हिशेबानं वीस पिसवांमागे अंगावर एक असते, बाकीच्या एकोणीस अंडी, अळी नाहीतर कोष होऊन घरात. म्हणून मावशींनी मनीपेक्षा जास्त घाम फरशीवर गाळला. झोपाळ्याची गादी गच्चीत कडक उन्हात, खोळ आणि चादर उकळत्या पाण्यात, सांधी व्हॅक्यूमनं रोज. पिशवी लगेच बाहेर रिकामी, नाहीतर पिसवा तिथूनच परत येतात. पोतेरं फिरवलं की पंखा लावायचा, फरशी ओली ठेवायची नाही.

पेस्ट कंट्रोलवाला आला, त्याला मावशींनी एकच प्रश्न विचारला, "अहो, अंड्या-अळ्यांची वाढ थांबवणारं औषध यात आहे का?" नुसत्या मारक फवाऱ्यानं बाहेर आलेल्या मरतात. कोषात मात्र औषध नीट शिरत नाही. त्यामुळे फवारणीनंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या, तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, "पैसे पाण्यात गेले." गेले नव्हते. त्या जुन्या कोषातल्या होत्या. चालत राहायचं, व्हॅक्यूमचा हादरा देत राहायचं, म्हणजे त्या बाहेर येतात आणि औषधावर पडतात.

(दृश्य : मांडवी. उंदराचा सापळा घेऊन जाणारा माणूस.)

पिसू म्हटलं की जुनी माणसं प्लेग काढतात. प्लेग पिसूमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगानं दाखवलं. पुढे सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत साथ आली आणि माणसं रेल्वेत मावेनात. पण त्या रोगाची मुख्य वाहक उंदराची पिसू. मनीच्या अंगावरची जात निराळी. मावशींच्या मनातून मात्र उंदीर गेले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या मोरीला त्याच आठवड्यात नवी जाळी बसवून घेतली.

(दृश्य : नोव्हेंबर. झोपाळा. गादीवर जुनी चादर.)

मनीला महिन्याचं औषध आणखी दोनदा झालं, एकूण तीन. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट ठेवलं जातं. आधी सकाळी ताटात सात-आठ सापडायच्या, मग दोन. या आठवड्यात एक, बुधवारी.

मावशी रविवारी झोपाळ्यावरची चादर उचलतात. झटकत नाहीत. चारही कोपरे आत घेतात, मोदकासारखी पुरचुंडी करतात आणि हात लांब धरून न्हाणीघराकडे जातात. तिथे पातेल्यात पाणी उकळतंय. मनी रिकाम्या गादीवर उडी मारते, खळग्यात गोल फिरते आणि झोपते.