रेषेचं वय

श्रोतेहो, नमस्कार.

घरात जुनी कागदपत्रं असतील तर कधीतरी एवढं करून बघा. कॉलेजच्या दिवसांतली तुमची एखादी सही शोधा आणि आजची सही तिच्या शेजारी ठेवा. जुन्या सहीत प्रत्येक अक्षर सुटं असेल, वाचता येईल. आजच्या सहीत पहिलं अक्षर, एक फराटा आणि खाली टिंब, बस्स. सही बदलायची असं तुम्ही कधी ठरवलं नव्हतं. ती हजारो वेळा केलीत, घाईघाईत केलीत, आणि जे नसलं तरी चालतं ते हातानंच गाळून टाकलं.

कॉमिक काढणाऱ्या चित्रकाराची शैली मला या सहीसारखी वाटते. एखादा चित्रकार कुणाचं व्यक्तिचित्र काढतो, ते पूर्ण झालं की बाजूला ठेवतो. कॉमिकवाल्याला तेच नाक, तेच कान, तीच टोपी उद्या पुन्हा काढायची असते. परवाही. आणि छापखाना त्याच्यासाठी थांबत नाही.

चार्ल्स शुल्झ यांचंच बघा. त्यांची 'पीनट्स' ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालली. १७,८९७ भाग! आणि ते काढायला त्यांनी मदतनीस ठेवला नाही. त्यामुळे एका माणसाच्या हाताचं अर्ध्या शतकाचं वळण आपल्याला ओळीनं बघायला मिळतं.

या मालिकेचा नायक, गोल डोक्याचा मुलगा चार्ली ब्राउन, सुरुवातीला कसा होता ते शोधून बघा. शर्ट चक्क कोरा आहे. तो प्रसिद्ध नागमोडी पट्टा काही महिन्यांनी आला. आणि त्याचा कुत्रा स्नूपी? तो तर तेव्हा खराखुरा कुत्रा होता, चार पायांवर चालणारा. १९५२ मध्ये त्याचे विचार फुग्यांत छापून येऊ लागले. आणखी काही वर्षांनी तो दोन पायांवर उभा राहिला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी त्याला मन मिळालं, मग त्या मनाला शोभेल असं शरीर. नाचायचं, ऐट करायची, टाइपरायटरवर कादंबरी लिहायची, तर पुढचे दोन पाय मोकळे हवेतच ना! बदलत्या शैलीबद्दल बोलताना आपण हाताच्या सफाईबद्दल बोलतो, पण कित्येकदा गोष्टच चित्राला ओढून पुढं नेते.

स्नूपीच्या घराचं तसंच झालं. आधी ते जरा कोनातून दिसायचं, एक भिंत समोर, एक बाजूला. १९५८ च्या डिसेंबरात स्नूपी छपरावर जाऊन आडवा झाला. छप्पर हीच त्याची कायमची जागा झाल्यावर ते घर फक्त एका बाजूनं दिसू लागलं. चित्रातला खोलपणा गेला, राहिली ती एक बाह्यरेषा आणि तिच्यावर पाठ टेकलेला कुत्रा. खरं तर त्या अणकुचीदार आढ्यावर कुणाला झोपता येणार नाही. पण सपाट चित्रात ते इतकं सहज वाटतं की आपल्या मनात शंकाही येत नाही.

जागेची अडचणही होतीच. ही मालिका कमी जागेत मावणारी म्हणून विकली गेली होती. चार सारख्या चौकटी, म्हणजे संपादकाला त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन अशा हव्या तशा लावता याव्यात. एवढ्याशा चौकटीत बारकावे भरले तर छापल्यावर काळा गिचका होतो. म्हणून पार्श्वभूमी विरळ होत गेली.

आता बेल्जियमच्या एर्जे यांच्याकडे वळू. त्यांचा टिनटिन, जगभर भटकणारा तरुण बातमीदार, १९२९ च्या जानेवारीत अवतरला, काळ्यापांढऱ्यात. पहिल्या काही चित्रांत त्याचे केस चक्क चापून बसवलेले आहेत. मग तो भरधाव मोटार हाकतो, वाऱ्यानं पुढची झुलपं उभी राहतात, आणि ती पुन्हा कधी खाली बसलीच नाहीत! १९४२ पासून ही पुस्तकं रंगीत निघू लागली. सपाट रंग भरायचा तर रेषा बंद हवी, स्वच्छ हवी. एर्जे यांची ती सारख्या जाडीची, सावल्या टाळणारी रेषा आधीच घडत होती, रंगानं ती आणखी पक्की केली.

त्यांनी जुनी पुस्तकं नव्यानं काढलीही. 'द ब्लॅक आयलंड' तर तीन रूपांत आहे. १९६० च्या दशकात ब्रिटिश प्रकाशकानं ब्रिटनच्या तपशिलातल्या १३१ चुकांची यादी पाठवली, तेव्हा एर्जे यांचे सहकारी बॉब द मूर तिथं जाऊन पाहणी करून आले आणि सगळं पुस्तक पुन्हा रेखाटलं गेलं. तपशील आता अचूक आहेत. तरी मला पहिलीच आवृत्ती जवळची वाटते. तिच्यातला टिनटिन जास्त जोरात धावतो.

आणि शेवटी शरीर. शुल्झ यांच्या हृदयावर १९८१ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर हाताला कंप राहिला. त्यांच्या आवडत्या निबचं उत्पादन बंद झालं तेव्हा त्यांनी शिल्लक साठा विकत घेऊन ठेवला होता. त्या निबचं नावच 'रेडिओ' होतं, हे रेडिओवरून सांगताना मला विशेष आनंद होतोय. निब तेच, शाई तीच, पण आता गोल डोक्याची कड बारीक थरथरताना दिसते. काहींना ती घसरण वाटते. मला नाही वाटत. त्यांनी ती थरथर झाकण्यासाठी दुसऱ्याच्या हाती टाक दिला नाही. उतारवयातल्या त्या चित्रांत पाऊस आणि गवत तर कंपामुळे अधिकच जिवंत झालंय.

त्यांचा शेवटचा भाग १३ फेब्रुवारी २००० ला छापून आला. शुल्झ आदल्या रात्रीच गेले होते. त्या चित्रात स्नूपी टाइपरायटर घेऊन आपल्या घराच्या छपरावर बसलाय, आणि घर, तेच, एका बाजूनं दिसणारं.