खोटं न भुंकणारा कुत्रा

श्रोते हो, नमस्कार.

तुम्ही आत्ता मला बघत नाही, नुसतं ऐकताय. तरीही दोन-चार वाक्यांत तुमच्या लक्षात येईल, की हा गडी मुद्द्याचं बोलतोय की वेळ मारून नेतोय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात अस्वलाच्या शिकारीला जाणारी माणसं आपल्या कुत्र्यांची पारख अशीच करतात. कानानं. कुत्री सोडली की थोड्याच वेळात गचपणात दिसेनाशी होतात. ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं तिथं इतकी दाट वाढतात, की माणसाला रांगत पुढं सरकावं लागतं. मग माणसं डोंगराच्या धारेवर उभी राहतात आणि ऐकतात.

मागावर असलेल्या कुत्र्याचा आवाज लांबट असतो, ओढून काढलेला. अस्वल झाडावर चढलं की तोच कुत्रा बुंध्याला पुढचे पाय लावून उभा राहतो आणि त्याचा आवाज तुटक होतो. कुऱ्हाडीचे घाव पडावेत तसा, एकामागून एक, न थांबता. जाणता शिकारी दरीपलीकडून सांगतो, की माग कोणी काढला, त्याच्या जिवावर नुसतं मागून कोण पळतंय, आणि खोटं कोण बोलतंय.

हो, कुत्रा खोटं बोलतो. वास नसताना भुंकत सुटतो. त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या झाडाखाली उभा राहून ‘इथं आहे, इथं आहे’ असा कल्ला करतो. माणूस दोन तास चढ चढून, काट्यांनी ओरबाडून घेऊन तिथं पोचतो, वर बघतो, तर नुसती पानं हलतायत. त्या लोकांच्या जगात कुत्र्याचा यापेक्षा मोठा अपराध नाही. असा कुत्रा दिसायला कितीही राजबिंडा असो, जाणता माणूस त्याचं पिल्लू घेत नाही.

मी गुरांचा डॉक्टर. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात सगळी नोकरी झाली. शिकार मी कधी केली नाही आणि तिची वकिली करायलाही आज आलेलो नाही. पण खिल्लारच्या वळूपासून माडग्याळ मेंढीपर्यंत पैदाशीचे प्रश्न बघण्यात आयुष्य गेलं, आणि या शिकारी कुत्र्यांच्या रक्ताच्या गोष्टीत मला आपल्याच गोठ्याचं चित्र दिसलं. म्हणून हे बोलणं.

अस्वलाच्या या कुत्र्यांत सगळ्यात नावाजलेला प्लॉट हाउंड. प्लॉट हे एका घराण्याचं आडनाव. १७५० च्या सुमारास योहानेस प्लॉट नावाचा एक पोरगा जर्मनीहून अमेरिकेत आला. बरोबर भाऊ होता, तो वाटेत समुद्रावरच गेला. आणि बरोबर पाच कुत्री होती, असं घराण्यात सांगत आले. पुढं त्याचा मुलगा हेन्री पश्चिमेकडच्या डोंगरात, आजच्या हेवूड काउंटीत जाऊन राहिला. तिथल्या डोंगररांगेला आजही प्लॉट बाल्सम म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या या घरानं अस्वलाची कुत्री राखली. रंग बहुतेक वाघ्या, म्हणजे तपकिरी अंगावर काळे पट्टे. मधूनच एखादं पिल्लू बिनपट्ट्याचं, नुसतं पिवळसर निघतं. काही लोक तेवढ्यावरून कुत्रीच्या चारित्र्यावर संशय घेतात. त्या बिचारीचा काही दोष नसतो. आई-बाप दोघंही पट्ट्याचे असले, तरी दोघांच्या पोटात बिनपट्ट्याचा गुण झाकलेला असू शकतो, आणि तो जुळून आला की पिल्लात उघडा पडतो.

या कुत्र्याकडून काम काय हवं, ते जरा बघा, कारण सगळी निवड त्यावर उभी आहे. नाक असं हवं, की रात्रीचा शिळा माग पहाटे काढता आला पाहिजे. काळ्या अस्वलाचा नर दोनशे किलोंच्या वर जाऊ शकतो आणि हा कुत्रा पंचवीस किलोंच्या आसपासचा. म्हणजे धाडस तर हवंच. पण धाडस फार झालं तर पहिल्याच हिवाळ्यात कुत्रा फाडला जातो. आणि मेलेल्या शूराची पैदास होत नाही. कमी पडलं तर अस्वल आरामात चालत निघून जातं. हवा असतो तो मधला: अस्वलाच्या पंजापासून हातभर लांब राहील, पण त्याला क्षणाची उसंत देणार नाही. मागच्या बाजूला चावा, मागं उडी, पुन्हा चावा. हा हातभराचा अंदाज शिकवून पूर्ण येत नाही. रक्तात असावा लागतो. आणि तो पिंजऱ्यात बघून कळत नाही, डोंगरातच कळतो.

आता गंमत ऐका. ज्या रक्ताचा एवढा अभिमान, ते शुद्ध होतं का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोला फर्ग्युसन नावाच्या शिकाऱ्यानं आपल्या प्लॉट कुत्र्यांत ब्लेव्हिन्स घराण्याची कुत्री मिसळली. त्या कुत्र्यांच्या पाठीवर खोगिरासारखा काळा डाग असे. त्या मेळातून बॉस आणि टाइग असे दोन कुत्रे निघाले, आणि आज नोंदणी असलेल्या बहुतेक प्लॉट कुत्र्यांची वंशावळ मागं नेली तर त्यांच्यापाशी पोचते. १९४६ मध्ये युनायटेड केनेल क्लबनं ही जात नोंदवली, १९८९ मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनाचा राज्य-कुत्रा झाला, २००६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं मान्यता दिली. कागद मागाहून आले. कागद येईपर्यंत प्रश्न एकच होता: अस्वल थोपवतो का?

जवळच्याच केंटकी राज्यात तर याच्याही पुढची गोष्ट घडली. १८५२ च्या सुमारास टेनेसीतून एक कुत्रा उचलून आणला गेला. उचलून म्हणजे चोरूनच म्हणा. आई कोण, बाप कोण, पत्ता नाही. त्याला नाव पडलं टेनेसी लीड. पण पळायला असा, की तिथल्या कोल्ह्याच्या शिकारवाल्यांनी आपल्या इंग्लिश वंशाच्या कुत्र्यांत त्याचं रक्त मुद्दाम घेतलं. त्यातूनच वॉकर ही नामी जात उभी राहिली. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात. इथं खाणच ठाऊक नव्हती, मातीवरून ओळखली.

म्हणजे बाहेरचं रक्त घेत सुटावं असं नाही हं. तसं केलं तर चार पिढ्यांत हातात काहीच राहत नाही. एक पिल्लू बापासारखं, दुसरं शेजाऱ्यासारखं. गुण पक्का करायचा तर नात्यात मेळ घालावाच लागतो. पण त्याचा हिशोब असतो. बाप आणि लेक यांचा मेळ घातला तर पिल्लांत जवळिकीचा आकडा, म्हणजे एकाच पूर्वजाचा तोच गुण आई-बाप दोघांकडून येण्याची शक्यता, २५ टक्के येतो. सावत्र भावंडांचा घातला तर साडेबारा. आकडा चढत गेला की जे दोष झाकलेले होते ते वर येतात. वेतातली पिल्लं कमी होतात, जगत नाहीत, कुत्री गाभण राहत नाही. आपल्या गावात एकच वळू दहा वर्षं फिरतो आणि मग लोक मला विचारतात, ‘डॉक्टर, कालवडी का उलटतायत, गाभ का धरत नाहीत?’ तो हिशोब कुत्र्यालाही चुकत नाही. शहाणे लोक दोन-तीन पिढ्या घरात मेळ घालतात, मग दुसऱ्या एखाद्या डोंगरातला, पण त्याच कामाचा कुत्रा आणतात. त्याच कामाचा, हे महत्त्वाचं.

आता उलटी गोष्ट. आफ्रिकेतली. सिंहाच्या शिकारीची.

दक्षिण आफ्रिकेत खोईखोई लोकांच्या कुत्र्यांच्या पाठीवर एक विचित्र खूण असायची. पाठीच्या कण्यावरचे केस उलट्या दिशेनं, मानेकडं वळलेले. १८७० च्या दशकात चार्ल्स हेल्म या मिशनऱ्यानं असल्या दोन कुत्र्या आजच्या झिंबाब्वेत नेल्या. कॉर्नेलियस व्हॅन रूयेन नावाच्या शिकाऱ्यानं त्यांचा आपल्या कळपातल्या कुत्र्यांशी मेळ घातला. काम काय, तर सिंहाला थोपवणं. सिंहाशी कुस्ती कोण करेल! त्याच्याभोवती नाचायचं, हुलकावण्या द्यायच्या, बंदूकवाला येईपर्यंत त्याला एका जागी खिळवायचं. तोच हातभराचा अंदाज. या कामात पाठीच्या केसांचा काडीचा संबंध नव्हता. पण कामाचे कुत्रे आणि पाठीवरची ही उलट्या केसांची पट्टी एकाच घरातून आले, म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झालं.

१९२२ मध्ये बुलावायोत जमून लोकांनी या जातीचं मानक लिहिलं. त्याचा मसुदा डाल्मेशियनच्या मानकावरून घेतला होता, आणि डाल्मेशियन म्हणजे घोडागाडीबरोबर पळणारा ठिपक्यांचा कुत्रा! जातीचं नाव रोडेशियन रिजबॅक. पुढं सिंहाची शिकार मागं पडली, प्रदर्शनं राहिली. प्रदर्शनाच्या मांडवात सिंह आणता येत नाही. पट्टी मात्र बघता येते. मग निवड पट्टीवर आली.

पट्टीचा गुण वरचढ असतो. दोन पट्टीवाल्यांच्या पोटी, दोघांतही बिनपट्टीचा गुण झाकलेला असेल, तर सरासरी चारात एक पिल्लू बिनपट्टीचं निघतं. अशी पिल्लं कित्येक पैदासकार जन्मतःच मारून टाकत. धडधाकट पिल्लं, डोळे उघडायच्या आत. २००७ मध्ये जनुकतज्ज्ञांनी ही पट्टी कशानं येते ते शोधून काढलं. गुणसूत्राचा एक तुकडा दुहेरी झाल्यानं. आणि त्याच दुहेरी तुकड्यामुळे या जातीला एक दुखणं जडतं: मानेत किंवा पाठीत कातडीपासून आत कण्याकडं जाणारी एक नळी जन्मतः राहून जाते, पुढं ती पिकते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून पट्टी आलेल्या पिल्लाला धोका जास्त. बिनपट्टीची पिल्लं त्यापासून बहुतेक सुटलेली. म्हणजे इतकी वर्षं निरोगी तेवढी मारली आणि दुखणं जपलं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये यावरून मोठा गदारोळ उठला, तेव्हा कुठं तिथले नियम बदलले. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

अमेरिकेत कुत्री लावून शिकार करण्यावर लोकांचं एकमत नाही. ओरेगन राज्यानं १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यानं १९९६ मध्ये मतदान घेऊन अस्वल आणि प्यूमा, म्हणजे तिथला मांजराच्या कुळातला मोठा शिकारी प्राणी, यांच्यामागं कुत्री सोडायला बंदी घातली. नॉर्थ कॅरोलायनात अशी शिकार आजही हंगामात चालते. पण याच कुत्र्यांनी एक वेगळं कामही केलंय. आयडाहोच्या बर्फातल्या डोंगरात मॉरिस हॉर्नोकर या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात प्यूमाचा अभ्यास सुरू केला. विल्बर वाइल्स नावाचा शिकारी आणि त्याची कुत्री माग काढून प्यूमाला झाडावर चढवत. मग त्याला बेशुद्ध करून, खूण लावून सोडून देत. तोवर प्यूमा म्हणजे मारून बक्षीस मिळवायचा प्राणी होता. तो हरणं संपवत नाही, हे या अभ्यासातून पुढं आलं. तिथंही खोटं भुंकणारा कुत्रा चालला नसता.

आता आपल्या बांधावर येऊ. आपला कारवानी कुत्रा, पलीकडं कर्नाटकात मुधोळ कुत्रा. जात एकच की दोन, यावर केनेल क्लबांतच मतभेद आहेत; मी त्यात पडत नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर लोकांकडची चपळ कुत्री हेरली आणि त्यांची पैदास केली. हा कुत्रा नाकानं नाही, नजरेनं पळतो. हा धनगराबरोबर, पारध्याबरोबर माळावर राहिला आणि पळूनच त्याचा कस लागत गेला. १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार बंद झाली. कायद्याच्या लेखी जनावरामागं कुत्रा पळवणं हीसुद्धा शिकारच. ससा असला तरी. ते योग्यच झालं. पण मग या कुत्र्याची निवड कशावर करायची? बाजारात आता गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो बघून विचारतं, ‘पांढराशुभ्र आहे का? उंची किती?’ मला लगेच ती आफ्रिकेतली पट्टी आठवते.

जत भागात एका वस्तीवर एक म्हातारेबुवा आहेत. त्यांच्याकडं कारवानी कुत्री व्याली होती. मी गेलो, पिल्लं उचलून दात बघायला लागलो. ते म्हणाले, “सायेब, पिल्लात काय बघताय? आई बघा.” आणि तिला हाक मारली. बाजेखालून उठून ती आली, एकदा माझा हात हुंगला आणि जाऊन सावलीत बसली. ना गुरगुर, ना लाड. “वेताला आठ झाली, सहा जगली. पाण्यावाचून दुपारभर मेंढरामागं चालती,” एवढंच ते बोलले.

पाच महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा तीन पिल्लं उरली होती. नातवानं मोटारसायकलला लांब दोरी बांधली होती, टोकाला खताची रिकामी पिशवी. कच्च्या रस्त्यानं गाडी सुटली. एक पिल्लू, सगळ्यात देखणं, थोडं पळालं आणि लिंबाखाली जाऊन बसलं. दोघं मागं लागली. वळणावर पिशवी बाभळीत अडकली, दोरी तुटली, गाडी पुढं गेली. एक पिल्लू गाडीमागंच पळत राहिलं. दुसरं जागच्या जागी फिरलं, बाभळीला एक चक्कर मारली, पिशवीसमोर उभं राहिलं आणि आमच्याकडं बघून दोनदाच भुंकलं.

“ह्ये इकायचं न्हाई,” म्हातारेबुवा म्हणाले, आणि काटे चुकवत पिशवी सोडवायला गेले.

नमस्कार.